गेमिंग लॅपटॉपमधली रेड : स्वस्त, स्वतंत्र आणि शून्य

'रेड पडली' म्हटलं की आपल्याकडे आधी आयकर खात्याची माणसं डोळ्यासमोर येतात. कॉम्प्युटरवाल्यांची रेड वेगळी, पण तिच्यातही घरातलं किडूकमिडूक जायची शक्यता असतेच :) दोन एसएसडी बसतील असा गेमिंग लॅपटॉप घेणारा प्रत्येक जण कधी ना कधी बायोसमध्ये शिरतो, तिथे 'रेड' असा पर्याय बघतो आणि त्याला प्रश्न पडतो : दोन डिस्क जोडून एक केल्या तर वेग दुप्पट होईल का? करावं का?

उत्तर एका ओळीत देता येईल, पण मग रविवारचा लेख कसा होणार? शिवाय या प्रश्नामागे जवळपास सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो वाचला की उत्तर पाठ करावं लागत नाही, आपोआप समजतं. तर मंडळी, चहा घेऊन बसा.

सुरुवात १९५६ मध्ये. आयबीएमने सॅन होजेच्या प्रयोगशाळेत तयार झालेली जगातली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. रॅमॅक नावाच्या कॉम्प्युटरचा ती एक भाग होती. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक, वजन टनाच्या वर, आणि एवढ्या सगळ्यात मावायची फक्त ५० लाख अक्षरं. आजच्या भाषेत चार एमबीसुद्धा नाही. म्हणजे मोबाइलवर काढलेला एखादा फोटो. पुढची तीस वर्षं मोठ्या कंपन्यांचा, बँकांचा कारभार असल्याच अवाढव्य डिस्कांवर चालला. त्या मोठ्या होत्या, महाग होत्या, पण त्यांच्यावर लोकांचा भरवसा होता.

१९८० च्या दशकात दोन गोष्टी एकदम घडल्या. एक म्हणजे पर्सनल कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासाठी छोट्या, स्वस्त हार्ड डिस्क लाखांनी बनायला लागल्या. दुसरी गोष्ट, प्रोसेसर भराभर वेगवान होत चालले. डिस्क मात्र शेवटी एक यंत्र आहे. त्यात तबकडी फिरते, दांडीवरचा हेड पुढेमागे सरकतो, आणि फिरण्यासरकण्याचा वेग काही दर वर्षी दुप्पट होत नाही. त्यामुळे प्रोसेसर कितीही पळाला तरी शेवटी डिस्कच्या दाराशी येऊन ताटकळत बसायचा.

या दुखण्यावर बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले तिघे काम करत होते. डेव्हिड पॅटर्सन आणि रँडी कॅट्झ हे दोन प्राध्यापक, आणि गार्थ गिब्सन हा विद्यार्थी. (गिब्सन हे नाव लक्षात ठेवा, लेखात पुन्हा येणार आहे.) पॅटर्सन म्हणजे 'रिस्क' प्रोसेसरवाले. त्याच कामासाठी जॉन हेनेसींसोबत त्यांना २०१७ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. तिघांनी १९८८ मध्ये शिकागोच्या सिगमॉड परिषदेत एक निबंध वाचला. त्याच्या नावातच त्यांचा मुद्दा होता : 'रिडंडंट अ‍ॅरेज ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स'. अद्याक्षरं जोडली की रेड. थोडक्यात काय, तर अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधा आणि महागड्या डिस्कची सुट्टी करा.

त्या निबंधातली तुलना आजही वाचायला मजा येते. एका बाजूला आयबीएमची ३३८० : क्षमता ७५०० एमबी, आकार २४ घनफूट, वीज ६६०० वॅट. दुसऱ्या बाजूला कॉनर कंपनीची साडेतीन इंची डिस्क : क्षमता १०० एमबी, वीज फक्त १० वॅट. ७५ कॉनर घेतल्या की क्षमता बरोबरीची होते, वीज लागते ७५० वॅट, आणि ७५ हेड एकाच वेळी कामाला लागल्यामुळे डेटा आत-बाहेर करण्याचा वेग लेखकांच्या हिशोबाने १२ पटींपर्यंत जातो. स्वस्त आणि मस्त!

पण 'एक ना धड भाराभर चिंध्या' ही म्हण मराठी माणसाला लगेच आठवते, आणि नेमकी तीच अडचण होती. त्या काळी एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालेल असं धरत, म्हणजे साधारण साडेतीन वर्षं. अशा १०० डिस्क एकत्र केल्या की त्यातली कुठलीतरी एक बिघडायला सरासरी ३०० तास पुरतात. १३ दिवससुद्धा नाहीत! डेटा सगळ्यांत वाटलेला असेल तर एक गेली की सगळं गेलं. म्हणजे नुसता 'अ‍ॅरे' निरुपयोगी. नावातला पहिला शब्द, 'रिडंडंट', हाच खरा कळीचा. गरजेपेक्षा थोडी जास्त माहिती साठवायची, म्हणजे एक डिस्क मेली तरी तिच्यावरचं उरलेल्यांवरून काढता येईल.

ते कसं? समजा पाच जण राजगडला गेलात. प्रत्येकाने किती खर्च केला ते प्रत्येकाच्या चिठ्ठीवर आहे, आणि सहाव्या चिठ्ठीवर फक्त बेरीज. एकाची चिठ्ठी पावसात भिजून गेली तरी बेरजेतून बाकी चौघांचे आकडे वजा केले की त्याचा आकडा मिळतो. डिस्कांमध्ये बेरजेऐवजी 'एक्सॉर' नावाची बिटांची क्रिया वापरतात आणि त्या सहाव्या चिठ्ठीला 'पॅरिटी' म्हणतात, एवढाच फरक. अर्थात दोन चिठ्ठ्या भिजल्या की संपलं.

या कल्पनेचे सुटे भाग आधीपासून होते. बिघडलेल्या डिस्कवरची माहिती परत मिळवण्याच्या पद्धतीचं पेटंट आयबीएमच्या नॉर्मन ओउची यांना १९७८ मध्येच मिळालं होतं. दोन डिस्कांवर एकच मजकूर ठेवायची पद्धत टँडम कंपनी वापरत होती. बर्कलेच्या तिघांचं मोठेपण असं की त्यांनी हे सगळं एका माळेत ओवलं, पाच पातळ्या ठरवल्या आणि प्रत्येकीचा हिशोब मांडला. पातळी १ म्हणजे आरसा : दोन डिस्क, दोन्हींवर तेच. पातळी ५ म्हणजे पॅरिटी सगळ्या डिस्कांवर वाटून. मधल्या २, ३, ४ आता फारशा भेटत नाहीत.

आता नीट मोजा. १, २, ३, ४, ५. गेमर मंडळींची लाडकी रेड ० कुठे आहे?

मूळ निबंधात ती नाहीच! डेटाचे तुकडे करायचे, एक तुकडा या डिस्कवर, पुढचा त्या डिस्कवर, आणि जादा माहिती काहीच ठेवायची नाही, या पद्धतीला 'शून्य' हा आकडा नंतर चिकटला. आणि तो अगदी योग्य आहे, कारण तिच्यात 'रिडंडंट'पणा शून्य आहे. ज्या धोक्यावर उपाय म्हणून रेडचा जन्म झाला, तो धोका जसाच्या तसा ठेवून फक्त वेग घ्यायचा म्हणजे रेड ०.

१९९० च्या दशकात रेडचा मोठा धंदा झाला. आणि गंमत बघा, या व्यवस्था चांगल्याच महाग विकल्या जात असल्यामुळे नावातला 'इनएक्स्पेन्सिव्ह' हा शब्द विक्रेत्यांना खटकायला लागला. मग त्याच 'आय'वर 'इंडिपेंडंट' बसवला. स्वस्तच्या जागी स्वतंत्र. वरवर बघता हा नुसता मार्केटिंगचा बदल, पण या नवीन शब्दात एक मोठं गृहीतक लपलेलं आहे. त्याच्याकडे येऊच.

सर्व्हर रूममधली ही वस्तू घरी आली ती चिपसेटमुळे. २००३-०४ च्या सुमारास इंटेलने मदरबोर्डच्या चिपसेटमध्येच साध्या रेडची सोय द्यायला सुरुवात केली. वेगळं महागडं कार्ड नको, बरंचसं काम ड्रायव्हर करतो. मग लॅपटॉपवाले मागे कसे राहतील? २००७ मध्ये डेलचा एक्सपीएस एम१७३० आला. १७ इंची स्क्रीन, वजन पाच किलोच्या आसपास, दोन ग्राफिक्स चिप आणि दोन हार्ड डिस्क, रेड ० किंवा १ मध्ये. क्लेव्होच्या डी९०१सी मध्ये तर तीन डिस्क बसायच्या आणि चक्क रेड ५ करता यायची. त्याला मांडीवर घेऊन बसणाऱ्याच्या मांडीचं काय होत असेल ते सोडा, पण बर्कलेच्या प्रयोगशाळेतली कल्पना १९ वर्षांत पाठीवरच्या सॅकमध्ये मावली, हे काही कमी नाही.

पण फायदा किती व्हायचा? इथे जरा गणित करू. लॅपटॉपची चांगली डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घ्यायची. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवा तो भाग हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंद थांबायचं. त्याआधी हेड योग्य जागी सरकायला साधारण ११. एकूण १५ मिलिसेकंद. आता समजा गेमची एक लेव्हल चालू होताना ३००० छोटे तुकडे इकडून तिकडून एकामागून एक वाचावे लागतात. ३००० गुणिले १५ म्हणजे ४५ सेकंद निव्वळ वाट बघण्यात. रेड ० केलं तर? छोटा तुकडा एकाच डिस्कवर मावतो, त्यामुळे त्या डिस्कचा हेड सरकायला तेवढाच वेळ घेणार. दुसरी डिस्क शेजारी नुसती गरगरत बसणार. उलट तुकडा दोन्हींकडे वाटला गेला असेल तर जिला जास्त उशीर होईल तिच्यासाठी थांबावं लागतं!

म्हणजे रेड ० ने रस्ता रुंद होतो, पण सिग्नल तेवढेच राहतात. सलग मोठी फाइल वाचायची असेल, उदाहरणार्थ व्हिडिओ, तर वेग खरोखर दुपटीच्या जवळ जातो. बेंचमार्क नेमकं हेच मोजतात, आणि जाहिरातीतही हाच आकडा छापला जातो. गेममध्ये मात्र फरक नावापुरता. आनंदटेक या साइटने (२०२४ मध्ये ती बंद झाली, वाईट वाटलं) २००४ मध्येच १०,००० फेऱ्यांच्या दोन रॅप्टर डिस्क घेऊन हे करून दाखवलं होतं. निष्कर्ष असा की डेस्कटॉपवर रोजच्या वापरात रेड ० चा फायदा जेमतेम काही टक्के. पण लोकांनी ऐकलं का? अजिबात नाही. दोन डिस्क म्हणजे दुप्पट, हे मनाला इतकं पटतं की मोजून बघायची कुणाला गरजच वाटत नाही.

मग किंमत काय मोजत होतो? फेब्रुवारी २००७ मध्ये सॅन होजेत (हो, तेच पहिल्या हार्ड डिस्कचं सॅन होजे) फास्ट नावाची परिषद भरली. तिथे दोन निबंध गाजले. गूगलच्या लोकांनी आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अनुभव मांडला : पहिल्या वर्षात १.७ टक्के डिस्क जातात, तीन वर्षांच्या झाल्या की वर्षाला ८.६ टक्क्यांपर्यंत. दुसरा निबंध बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांचा. तोच गिब्सन, आता कार्नेगी मेलनमध्ये प्राध्यापक. कंपन्या छापत होत्या की डिस्क सरासरी १० लाख तास चालेल, म्हणजे ११४ वर्षं! या हिशोबाने वर्षाला एक टक्काही डिस्क जायला नकोत. दोघांनी सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या. प्रत्यक्षात वर्षाला २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागत होत्या, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत.

मधला आकडा धरू, ३ टक्के. एका डिस्कचा लॅपटॉप तीन वर्षं वापरला तर डेटा जायची शक्यता ८.७ टक्के. दोन डिस्क रेड ० मध्ये असतील तर १६.७ टक्के. सहापैकी एक. लूडोच्या फाशावर एक पडायची शक्यता जेवढी, तेवढी. लेव्हल दोन सेकंद लवकर उघडावी म्हणून!

श्रोडर-गिब्सन निबंधातली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. डिस्क एकमेकींशी संबंध नसल्यासारख्या बिघडत नाहीत. एक गेली की लवकरच दुसरी जायची शक्यता वाढलेली दिसते. आता आठवा तो 'इंडिपेंडंट' शब्द. रेडचं सगळं गणित उभं आहे ते 'प्रत्येक डिस्क स्वतंत्रपणे मरेल' या गृहीतकावर, आणि रेडच्या तीन जन्मदात्यांपैकी एकानेच १९ वर्षांनी नोंदी तपासून सांगितलं की तसं होत नाही. स्वतःच्याच गाजलेल्या कामाखालचा पाया असा उकरून बघायला हिंमत लागते.

आणि लॅपटॉपमध्ये तर विचारूच नका. दोन्ही डिस्क एकाच बॅचच्या, एकाच गरम पेटीत शेजारी शेजारी, एकाच चार्जरवर, एकाच सॅकमधून लोकलच्या गर्दीत धक्के खाणाऱ्या. चहाचा कप सांडला तर दोन्हींवर. बॅग चोरीला गेली तर दोन्ही गेल्या. यांना स्वतंत्र कसं म्हणायचं?

२००८ मध्ये इंटेलची एक्स२५-एम ही एसएसडी आली आणि वरचं सगळं गणितच बदललं. फिरणारी तबकडी नाही, सरकणारा हेड नाही. १५ मिलिसेकंदांच्या जागी एक दशांश मिलिसेकंदच्या आसपास. आपल्या उदाहरणातले ४५ सेकंद झाले ०.३ सेकंद. जे काम दोन हार्ड डिस्क जोडून झालं नाही, ते एका एसएसडीने केलं.

तरी रेड ० ची हौस फिटली नाही. सोनीने २०१० च्या वायो झेड मध्ये एसएसडी कारखान्यातूनच रेड ० करून दिल्या. एमएसआयने २०१२-१३ च्या जीटी मालिकेत 'सुपर रेड' असं नाव देऊन तीन-तीन एसएसडी जोडल्या. त्यातही भानगडी होत्याच. पुसलेली जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवणारी 'ट्रिम' ही आज्ञा सुरुवातीला रेडमधून आतपर्यंत पोचायचीच नाही. इंटेलने २०१२ मध्ये नवीन चिपसेटसाठी ती सोय केली. पुढे एनव्हीएमई एसएसडी आल्या. २०१६ ची सॅमसंग ९६० प्रो एकटीच सेकंदाला ३५०० एमबी वाचायची, आणि त्या काळच्या इंटेल लॅपटॉपमध्ये चिपसेट ते प्रोसेसर हा रस्ताच चार हजारांच्या आत संपायचा. दोन जोडल्या की बेरीज सात हजार होणार कुठून?

बरं, एसएसडीत हलणारा भाग नाही, मग रेड १ चा आरसा तरी बिनधास्त वापरावा? २०१९ मध्ये एचपीईने आपल्या काही सर्व्हर एसएसडींबद्दल एक सूचना काढली. फर्मवेअरमधल्या चुकीमुळे त्या बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडणार होत्या. ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. डेटा परत मिळणार नाही. प्रोग्रामर मंडळींना तो आकडा बघूनच हसू आणि रडू एकदम आलं असेल : दोनाचा पंधरावा घात. आता विचार करा, एकाच दिवशी चालू केलेल्या दोन एसएसडी आरशासारख्या जोडल्या असतील तर त्या जाणार कधी? एकाच दिवशी, जवळपास एकाच तासाला. एका फर्मवेअरवर चालणाऱ्या दोन एसएसडी म्हणजे जुळी भावंडं, त्यांचं आजारपणही एकच.

असो. एवढा इतिहास झाल्यावर आज, दोन एम डॉट टू खाचांचा गेमिंग लॅपटॉप समोर असताना काय करावं?

गेमिंगसाठी रेड ० करू नका. आजची एक चांगली एसएसडी सेकंदाला सात हजार एमबी वाचते. बहुतेक गेम उघडायला जो वेळ लागतो तो डेटा उलगडून मेमरीत मांडण्यात जातो, वाचण्यात नाही. त्यापेक्षा दोन्ही एसएसडी वेगळ्या ठेवा. एकीवर विंडोज आणि तुमचं काम, दुसरीवर गेम. दुसरी मेली तर गेम परत डाउनलोड होतात, फार तर एक रात्र जाईल. पहिलीवर मात्र लग्नाचे फोटो, प्रोजेक्टचा कोड, टॅक्सचे कागद असतात. ते कुठल्या स्टोअरमध्ये परत मिळत नाहीत.

रेड १ चा उपयोग आहे, पण तो नेमका काय आहे हे समजून. रेड १ काम थांबू देत नाही. मोहिमेवर असलेला फोटोग्राफर, किंवा ज्याला एक दिवसही मशीन बंद ठेवणं परवडत नाही, त्याने जरूर वापरावी. पण चुकून फोल्डर पुसलात तर आरसाही त्याच क्षणी पुसतो. व्हायरसने फाइल कुलूपबंद केल्या तर दोन्हींकडच्या होतात. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य जुनं आहे पण दर वर्षी कुणीतरी नव्याने, रडून शिकतो.

तरीही रेड ० करायचीच असेल (मोठ्या व्हिडिओंच्या तात्पुरत्या कामासाठी ते योग्यही आहे), तर चार गोष्टी. अ‍ॅरे तयार करताना दोन्ही डिस्क पुसल्या जातात. आधीच बसवलेल्या विंडोजखाली बायोसचा मोड बदललात तर ती सुरू न होण्याची दाट शक्यता. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी चालू असतं, त्यामुळे विंडोज इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाहीत. पेन ड्राइव्हवर ड्रायव्हर आधीच घेऊन ठेवा. आणि मदरबोर्ड गेला पण डिस्क शाबूत असतील, तर इंटेलच्या हार्ड डिस्क किंवा साटा एसएसडींवरच्या जुन्या अ‍ॅरे लिनक्समधलं एमडीएडीएम बहुतेक वेळा वाचू शकतं. दुकानदाराने 'डेटा गया समझो' म्हटलं म्हणून लगेच आशा सोडू नका.

रेड ० च्या दुसऱ्या एसएसडीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून एक बाहेरची यूएसबी डिस्क येते. आठवड्यातून एकदा जोडा, कॉपी करा, काढून कपाटात ठेवा. ती लॅपटॉपच्या पेटीत नाही, त्याच्या चार्जरवर नाही, त्याच्या सॅकमध्ये नाही. आणखी एक प्रत क्लाउडवर किंवा गावी आईबाबांच्या घरी. १९८८ च्या निबंधातले दोन्ही शब्द इथे खरे ठरतात : जादा प्रत आहे, आणि ती स्वस्त आहे. नंतर बदललेला तिसरा शब्दही खरा ठरतो, कारण कपाटातली डिस्क खरोखरच स्वतंत्र आहे.

पुढच्या वेळी बायोसमधला तो पर्याय दिसला की आधी शेवटचा बॅकअप कधी घेतला होता ते आठवून बघा. तारीख आठवत नसेल, तर आज रविवारच आहे.